इंग्रजीतला ‘अप’ आणि त्याचे अनेक अर्थ : मराठी माध्यमाच्या मुलांना कसे समजावावे?

प्रश्न : सांजवर्ग, राजारामपुरी

सप्रेम नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत मी मराठी माध्यमातील आठवी ते दहावीच्या मुलांचा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग घेते. काळ, प्रयोग, पत्रलेखन यांत मुले बऱ्यापैकी तयार होतात. परंतु ‘अप’ या एवढ्याशा शब्दापाशी सगळा वर्ग अडतो. ‘अप’ म्हणजे ‘वर’, हे त्यांना पहिल्या इयत्तांपासून ठाऊक आहे, त्यामुळे ‘स्टँड अप’ म्हणजे उभे राहा, यात कोणाला शंका येत नाही. मग ‘ईट अप’ म्हणजे पानातले सगळे संपव, हे कसे? ‘टाइम इज अप’ म्हणजे वेळ संपली, ‘लॉक अप’ म्हणजे कुलूपबंद करणे, ‘टेअर अप’ म्हणजे फाडून तुकडे करणे, ‘शो अप’ म्हणजे हजर होणे आणि ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणे, हे सारे एकाच शब्दाच्या पोटात कसे मावते?

एका विद्यार्थिनीने तर फार नेमके विचारले. ‘मेक अप’चे चार अर्थ तिने कोशातून उतरवून आणले होते : चेहऱ्याची रंगभूषा करणे, भांडण मिटवणे, नसलेली गोष्ट रचून सांगणे आणि बुडालेला अभ्यास भरून काढणे. यांपैकी एकातही कोणी वर जात नाही, तर मग हा शब्द तिथे काय करतो, असे तिचे म्हणणे. प्रश्न रास्त आहे, आणि ‘इंग्रजीत ते तसेच असते, पाठ कर’ हे उत्तर मला तिला द्यायचे नाही.

तेव्हा जाणकारांना विचारते. या अर्थांमधून जाणारे एखादे सूत्र आहे का, आणि असल्यास ते चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना मराठीतून पटेल असे कसे सांगावे? इंग्रजीत सर्वाधिक अर्थ ‘अप’लाच आहेत असेही मुलांनी कुठेतरी वाचले आहे, ते खरे आहे का, हेही कळले तर बरे होईल.

उत्तर : निवृत्त शिक्षक, गारगोटी

मॅडम, आपल्या विद्यार्थिनीला माझे कौतुक कळवावे. भाषा शिकताना शब्द ‘तिथे काय करतो’ असे विचारणाऱ्या मुलांचेच पुढे भाषेशी नाते जुळते, असा माझा अनुभव आहे.

‘अप’चा मूळ अर्थ ‘वर’ हाच आहे आणि तो सोडून देण्याची गरज नाही. मात्र त्या ‘वर’ला एक टोक असते, हे मुलांना दाखवून द्यावे लागते, आणि त्यासाठी कोल्हापुरात पंचगंगेइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी किती फुटांवर गेले, याची चौकशी घरोघर होते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पाणी वर चढू लागले की तीन गोष्टी एकदम घडतात. पाणी वाढते, ते एका ठरलेल्या खुणेच्या जवळ येत जाते, आणि खुणेला टेकले की एक मर्यादा पूर्ण झाली असे आपण म्हणतो. वाढणे, जवळ येणे आणि पूर्ण होणे ही तिन्ही ‘वर’मधूनच निघालेली आहेत. ‘अप’चे बहुतेक अर्थ या तिहींपैकी एकात बसतात.

वाढण्याचे अर्थ मुलांना जड जात नाहीत. ‘स्पीक अप’ म्हणजे आवाज चढवून बोला, ‘स्पीड अप’ म्हणजे वेग वाढवा, ‘ग्रो अप’ म्हणजे वयाने मोठे होणे. आपणही आवाज चढवतो आणि भाव वर गेले म्हणतो, त्यामुळे इथे समजावण्यासारखे फारसे काही नाही. जवळ येण्याचे अर्थ थोडे निराळे आहेत : ‘वॉक अप टू द डोअर’ म्हणजे दारापर्यंत चालत जाणे, ‘कॅच अप’ म्हणजे पुढे गेलेल्याला गाठणे. इथे जमीन सपाट असली तरी चालते, कारण जो मनुष्य आपल्या जवळ येतो तो आपल्या नजरेत मोठा होत जातो. ‘शो अप’, ‘टर्न अप’ आणि ‘कम अप’ यांत जे आधी दृष्टीआड होते ते दिसू लागते. ‘ब्रिंग अप अ सब्जेक्ट’साठी आपल्याकडे जो प्रयोग आहे तो तर शब्दशः जुळतो. ‘जुने विषय वर काढू नका’ असे आपण घरात बोलतो तेव्हा तो विषय कुठल्या विहिरीत होता, असे कोणी विचारत नाही.

खरी अडचण आहे ती पूर्ततेच्या अर्थाची, आणि आपली निम्मी उदाहरणे तिथलीच आहेत. ‘ईट’ म्हणजे खाणे आणि ‘ईट अप’ म्हणजे शेवटच्या घासापर्यंत खाणे. ‘टेअर’ म्हणजे फाडणे. ‘टेअर अप’ म्हणजे फाडण्याचे काम असे तडीस नेणे, की पुन्हा जोडता येऊ नये. ‘लॉक अप’, ‘टाय अप’, ‘पॅक अप’ यांत आवरण्याचे काम पुरते झालेले असते आणि बाहेर काही राहिलेले नसते. ‘टाइम इज अप’चे भाषांतर आपण ‘वेळ संपली’ असे करतो, पण मुलांना ‘दिवस भरले’ हा आपला प्रयोग आठवून द्यावा. शिशुपालाचे शंभर अपराध भरले तेव्हा कृष्णाने सुदर्शन हाती घेतले, ही गोष्ट त्यांना माहीत असते. भरणे म्हणजे काठापर्यंत येणे, आणि काठापर्यंत येणे म्हणजे संपणे, हा विचार मराठीला मुळीच परका नाही.

‘गिव्ह अप’चे मूळ शरण जाण्यात आहे. एखादा गड किंवा शस्त्र पूर्णपणे दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हा त्याचा जुना अर्थ असून, पोलिसांसमोर हजर होणाऱ्या आरोपीसाठी तो आजही वापरला जातो. सवय सोडणे किंवा प्रयत्न सोडणे हे अर्थ त्याला नंतर चिकटले. ‘मेक अप’चेही चारही अर्थ याच वाटेने उलगडून दाखवता येतात. ‘मेक’ म्हणजे घडवणे आणि ‘अप’ म्हणजे पुरेपूर. गोष्ट मुळापासून शेवटापर्यंत स्वतः घडवली की ती रचलेली गोष्ट होते. अभ्यासाची तूट खुणेपर्यंत भरली की बुडालेले भरून निघते. दोन माणसांत पडलेली फट बुजवली की भांडण मिटते, आणि नटाचा चेहरा भूमिकेसाठी संपूर्ण सजवला की रंगभूषा होते. हे विद्यार्थिनीला सांगून पाहावे.

उत्तर : संस्कृत शिकवणारी, शाहूपुरी

गारगोटीच्या सरांनी सांगितलेले सूत्र मला पटते. संस्कृत घेतलेली मुले आपल्या वर्गात असतील तर त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. धातूला उपसर्ग लागला की अर्थ कुठच्या कुठे जातो, हे सांगणारा एक प्रसिद्ध श्लोक संस्कृत व्याकरण शिकताना आपण सारेच पाठ करतो :

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥

‘हृ’ हा एकच धातू, पण त्यापासून प्रहार म्हणजे घाव, आहार म्हणजे अन्न, संहार म्हणजे नाश, विहार म्हणजे मौजेने फिरणे आणि परिहार म्हणजे निवारण. उपसर्ग धातूचा अर्थ ‘बळाने’ दुसरीकडे ओढून नेतो, असे श्लोककर्ता म्हणतो. ‘गिव्ह’चे ‘गिव्ह अप’ होताना हेच घडते. फरक इतकाच की संस्कृतात हा तुकडा धातूच्या आधी चिकटून बसतो आणि इंग्रजीत तो क्रियापदाच्या मागून, सुटा येतो. आपली मुले आहार आणि संहार हे दोन्ही शब्द रोजच्या वाचनात सहज वापरतात आणि त्यांचे मूळ एक आहे हे कळले की चकित होतात. त्या आश्चर्याचा उपयोग इंग्रजीच्या तासाला करून घ्यावा.

शब्दाच्या कुळाविषयीही थोडे सांगते, कारण देवनागरीत लिहिल्यावर इथे एक घोटाळा होऊ शकतो. इंग्रजी ‘अप’ हा आपल्या अपमान, अपयश, अपहरण यांतल्या ‘अप’चा कोणी लागत नाही. आपला ‘अप’ म्हणजे ‘दूर, बाजूला’, आणि इंग्रजीत त्याचे भाईबंद आहेत ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’. इंग्रजी ‘अप’चे नाते आहे ते उपनगर, उपवास, उपस्थित यांतल्या ‘उप’शी. जवळ, खालून वर, अमुकपर्यंत असे अर्थ त्या मूळ इंडो-युरोपीय शब्दात एकत्र नांदत होते, म्हणून त्याच कुळातल्या ग्रीक ‘हायपो’चा अर्थ ‘खाली’ असा झाला आणि इंग्रजी ‘अप’चा ‘वर’. संस्कृत ‘उपरि’ याच घराण्यातला, आणि त्यावरूनच प्राकृतमार्गे आपला मराठी ‘वर’ आला. तेव्हा ‘अप’ आणि ‘वर’ यांचा संबंध केवळ भाषांतरापुरता नाही.

आपल्या ‘वर’कडेच पाहा ना. टेबलावर, वेळेवर, शंभराच्या वर, माझ्यावर विश्वास, ‘चूक केली आणि वर भांडतो’, ‘जेवल्यावर ये’. यांतल्या ‘जेवल्यावर’मध्ये उंचीचा लवलेशही नाही, तरी मराठी मूल तिथे कधी अडखळत नाही. इंग्रजी मूलही ‘अप’पाशी याच कारणाने अडखळत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. व्युत्पत्तीने शब्दाविषयी ओढ निर्माण होते, पण आजचा अर्थ व्युत्पत्तीवरून ठरवता येत नाही. तो वाक्यावरूनच ठरवावा लागतो.

उत्तर : महालक्ष्मी एक्स्प्रेसचा प्रवासी

रेल्वेतल्या ‘अप’चा उल्लेख अजून झाला नाही, म्हणून लिहितो. मध्य रेल्वेवर मुंबईकडे येणारी दिशा ‘अप’ आणि मुंबईहून निघणारी ‘डाऊन’. आता भूगोल पाहा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि लोणावळा त्याहूनही थोडे वर. तिथून अप गाडी भोर घाट उतरून कर्जतला येते आणि समुद्राकाठच्या मुंबईत थांबते. म्हणजे जिला अप म्हणायचे ती गाडी सारा घाट उतरते, आणि डाऊन गाडीला तोच घाट चढवण्यासाठी खंडाळ्याकडे मागून जादा इंजिने लावावी लागतात.

ही रीत इंग्लंडमधून आली. तिथे लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’, मग ती स्कॉटलंडच्या डोंगरातून येवो की केंटच्या किनाऱ्यावरून. याच न्यायाने ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला शिकायला जाणे म्हणजे ‘गो अप’, आणि तिथून काढून टाकले जाणे म्हणजे ‘सेंट डाऊन’. ज्या जागेला मान अधिक ती वर, मग ती नकाशात कुठेही असो. आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे. गगनबावड्याहून करूळ घाटाने खाली जाणारा मनुष्य ‘कोकणात उतरतो’ आणि कोकणातली माणसे आपल्याला ‘घाटावरचे’ म्हणतात. आपल्या ‘वर-खाली’ने जमिनीशी प्रामाणिकपणा राखला आहे, हे मला फार आवडते.

‘अपडाऊन’ हा शब्द तर आता मराठीच झाला आहे. इचलकरंजीहून किंवा जयसिंगपुराहून रोज नोकरीसाठी येणारा कोणीही ‘मी अपडाऊन करतो’ असे सांगतो. त्यात त्याला जाणे-येणे एवढेच अभिप्रेत असते.

उत्तर : स्पर्धा परीक्षा मार्गदर्शक, कोल्हापूर

वरील विवेचन सुंदर आहे, पण माझा थोडा मतभेद आहे. सूत्र सांगितल्याने मुलांची भीती जाते हे खरे. मात्र सूत्रावरून अर्थ ओळखता येतो असे त्यांना वाटू लागले तर त्यांचे नुकसान होईल. वेग कमी करणे याला इंग्रजीत ‘स्लो डाऊन’ म्हणतात आणि ‘स्लो अप’ही म्हणतात. घर जळून खाक झाले की ‘बर्न डाऊन’ आणि कागद जळून गेला की ‘बर्न अप’. एखाद्याचा उत्साह वाढवणे म्हणजे ‘चिअर अप’, पण कामाचा विचका करणे म्हणजे ‘मेस अप’. हे आधीच कळण्याचा कोणताही मार्ग नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहून ठेवले आहे, की क्रियापदामागे लहानसा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची ही पद्धत परकीयांना सर्वांत अवघड जाते. त्यामुळे आपल्या मुलांना ती अवघड वाटते यात त्यांचा काही दोष नाही.

माझ्या मते अर्थाइतकेच लक्ष वाक्यरचनेकडे द्यावे, कारण गुण तिथे जातात. फळ्यावर ही दोन वाक्ये लिहावीत : ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’. पहिल्यात तो टेकडी चढून धावत गेला. इथे ‘अप’ टेकडीला जोडलेला आहे. दुसऱ्यात त्याने उधारी वाढवून ठेवली. इथे ‘अप’ क्रियापदाचा भाग आहे. म्हणून ‘ही रॅन अ बिल अप’ चालते, पण ‘ही रॅन अ हिल अप’ चालत नाही. दुसरे असे, की कर्माच्या जागी सर्वनाम आले तर ते मध्येच बसते. ‘पिक अप द बुक’ आणि ‘पिक द बुक अप’ दोन्ही बरोबर, पण सर्वनाम असेल तर ‘पिक इट अप’ एवढेच बरोबर. ‘पिक अप इट’ ही चूक आपल्याकडची मुले हमखास करतात.

उच्चाराचेही सांगावे. क्रियापद असेल तेव्हा जोर ‘अप’वर येतो, आणि त्याचेच नाम झाले की जोर पहिल्या भागावर सरकतो. मेकअप, चेकअप, ब्रेकअप, बॅकअप, लॉकअप हे शब्द मराठीत आले ते नामे म्हणूनच, त्यामुळे मुलांना ते एकसंध शब्द वाटतात. त्यांच्यात एक क्रियापद दडलेले आहे हे सांगितले की त्यांना आनंद होतो. ‘गाडीला पिकअप नाही’ आणि ‘पिकअपमध्ये माल भरला’ हे दोन्ही प्रयोग ते रोज ऐकतात.

सर्वाधिक अर्थांबद्दल आपण विचारले आहे. तो मान ‘अप’चा नव्हे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती आणि केवळ क्रियापद म्हणून त्याचे सुमारे ४३० अर्थ दिले होते. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्या तेव्हा २००० मध्ये ‘मेक’, २००७ मध्ये ‘पुट’ आणि २०११ मध्ये ‘रन’ पुढे गेले. ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. या चारही क्रियापदांमागे ‘अप’ लागतो, एवढे मात्र मुलांना जरूर सांगावे.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर : सांजवर्ग, राजारामपुरी

सर्वांची मनापासून आभारी आहे. ‘दिवस भरले’चे उदाहरण वर्गात सांगितल्याबरोबर मुलांनी स्वतःहून ‘माप भरले’, ‘पापाचा घडा भरला’ अशी भर घातली. ‘मेक अप’विषयी विचारणाऱ्या विद्यार्थिनीला फट बुजवण्याचा खुलासा पटला, पण रंगभूषेचा अजून पुरता पटलेला नाही, आणि तिने तसे स्पष्ट सांगितले.

आता पुढचा प्रश्न. पूर्ततेचा ‘अप’ असलेली वाक्ये मुले मराठीत आणतात तेव्हा ‘अप’ गळूनच पडतो. ‘ईट’ आणि ‘ईट अप’ या दोहोंसाठी ती ‘खा’ एवढेच लिहितात. हा फरक मराठीत दाखवण्याची ठरावीक रीत आहे का?

उत्तर : संस्कृत शिकवणारी, शाहूपुरी

आहे, आणि ती आपण दिवसभर वापरतो. मराठी हा फरक दुसऱ्या क्रियापदाने दाखवते. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’, ‘फाड’ आणि ‘फाडून टाक’, ‘लिही’ आणि ‘लिहून काढ’, ‘बांध’ आणि ‘बांधून ठेव’, ‘उचल’ आणि ‘उचलून घे’, ‘वाढला’ आणि ‘वाढून बसला’. या टाकणे, काढणे, ठेवणे, घेणे, बसणे यांचा स्वतःचा अर्थ इथे जवळजवळ मावळलेला असतो आणि क्रिया कशा रीतीने पुरी झाली एवढेच ते सांगतात. ‘खाऊन टाक’ म्हटल्यावर कोणी काही फेकत नाही.

यात मला एक गोष्ट विशेष वाटते. इंग्रजी मनाला काम पुरे होणे म्हणजे ते काठापर्यंत चढणे वाटते, तर मराठी मनाला ते हातावेगळे होणे वाटते. म्हणून इंग्रजीने त्यासाठी ‘वर’ निवडला आणि आपण ‘टाकणे’. ‘हातावेगळे करणे’ हा वाक्प्रचारही तेच सांगतो. कोणती छटा हवी ते मात्र वाक्य पाहून ठरवावे : ‘राइट अप’ म्हणजे लिहून काढणे, लिहून टाकणे नव्हे, कारण लिहून टाकण्यात एक घाई आहे जी इंग्रजी प्रयोगात नाही.

मुलांना स्वाध्याय म्हणून आपले ‘लागणे’ द्यावे. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, झोप लागते, ऊन लागते, शोध लागतो, सांगलीच्या वाटेवर जयसिंगपूर लागते, तो माझा मामा लागतो, पाऊस पडू लागतो आणि मला जावे लागते. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणे, त्याचेच भूतकाळवाचक रूप ‘लग्न’. यांतल्या प्रत्येक वाक्याचे इंग्रजी करायला सांगितले, तर प्रत्येक ठिकाणी निराळे क्रियापद शोधावे लागेल. इंग्रजी मुलाने मराठी शिकताना ‘लागणे’विषयी जे प्रश्न विचारले असते, ते आपल्या मुलांनी स्वतःच लिहून काढावेत आणि एकमेकांना उत्तरे द्यावीत.

उत्तर : निवृत्त शिक्षक, गारगोटी

रंगभूषेबद्दल विद्यार्थिनीचे समाधान झाले नाही, हे वाचले. तिला सांगावे, की नाटकाच्या संदर्भात ‘मेक अप’ म्हणजे केवळ रंग लावणे नसून नटाला भूमिकेसाठी पूर्ण तयार करणे असे होते; वेष, केस आणि रंग मिळून ते पात्र उभे राहते. ‘उभे राहते’ हा शब्द आपणही पात्राविषयीच वापरतो. तरीही तिला पटले नाही तर आग्रह धरू नये. ‘अप’चे सगळेच प्रयोग सूत्रात बसवता येत नाहीत, आणि तिने आपली शंका वहीत तशीच टिपून ठेवायला हरकत नाही.